गुंड्यावरचा निबंध

जनावरांच्या दवाखान्यात मांजर मांडीवर घेऊन बसलेल्या चिमीने शाळा कधीच सोडली होती. निबंध म्हटलं की अजून तिचं डोकं फिरायचं. शेजारी बसलेल्या बहीणभावाचा कुत्रा आत ऑपरेशनला होता, आणि बहीण वही उघडून बसली होती.

“दादा, ‘आमचा गुंड्या इमानी आहे.’ पुढे काय?”

“कशावरून?”

“चोर आला की भुंकतो.”

“कधी? परवा गॅसवाल्याला चाटत होता.”

“मग काय लिहू?”

“एक वाक्य झालं की स्वतःला विचारायचं, कशावरून? जे आठवेल ते पुढचं वाक्य.”

“मला ताप होता तेव्हा तो पलंगाखालून हलला नाही. जेवलासुद्धा नाही.”

“हं. हे लिही.”

“नको. तो वाचला नाही तर?”

“वाचेल. तू लिही गं.”

दार उघडलं. नर्सबाई मोजा चिमट्यात धरून बाहेर आल्या.

“शुद्धीवर आलाय. शेपटी हलवतोय. पोटात हे होतं.”

“दादा, तुझा मोजा. आठवडाभर मला चोर म्हणत होतास.”

“चुकलं बाई. रडू नकोस आता.”

“तूच रडतोयस. थांब, लिहू दे. ‘गुंड्या घरातल्या वस्तू जिवापाड जपतो.’”

“कशावरून?” चिमीला राहवलं नाही.

बहिणीने चिमट्याकडे बोट दाखवलं.