निम्मी भरलेली बस

(१९४३. लोणावळा स्टेशनाबाहेर म्युनिसिपालिटीची गच्च भरलेली बस. खाली चिटणीस भागवत आणि ड्रायव्हर रज्जाक. दारातच उभ्या वडिवळ्याच्या मुक्ताबाई.)

रज्जाक : म्हणजे चढलेली माणसं उतरवायची? रावसाहेब, रोज घसा फोडून चढवतो मी!

भागवत : निम्मीच उतरव. दोन वर्षांमागे तपासणीच्या साहेबांना बस भरलेली दिसली. शेरा आला, ‘स्वतःच्या पायावर उभी आहे, सरकारी मदत नको.’ गेल्या साली आम्ही शहाणे झालो, रिकामी दाखवली. शेरा आला, ‘लोकांनाच नको आहे.’

रज्जाक : मग आजवर चालली कशी?

भागवत : अर्ज, विनवण्या आणि अध्यक्षांच्या ओळखी. दरसाल तेच. ओळखीसुद्धा झिजतात रे. आज साहेब पुन्हा तपासणीला यायचेत, त्यांना पटलं तर ग्रँट कायमची बांधून मिळेल. नाहीतर उद्यापासून बस शेडमध्ये.

मुक्ताबाई : उद्यापासनं? आवं, माजं मालक टेकडीवरच्या दवाखान्यात हायेत. रोज भाकरी घिऊन जाते मी. चालत गेले तर परतीची आगगाडी गावायची न्हाई.

भागवत : म्हणूनच म्हणतो बाई, थोडी माणसं उतरली तर...

मुक्ताबाई : उतरते की! गाडी ऱ्हायली पायजे. ए सरू, उतर खाली. कोंडाजीआबा, तुमी बी चला.

रज्जाक : मावशी, पुरे! बस्स झालं!

मुक्ताबाई : पुरे कसं? आपल्याच गाडीचं काम हाये, मागं कोन बसून ऱ्हाईल?

भागवत : अहो, सगळेच काय उतरताय? निम्मे म्हटलं मी, निम्मे!

रज्जाक : झाली रिकामी. आता आत बसायला उरलो मी एकटा, तोही पगारी.

भागवत : चढा, परत चढा! रज्जाक, हाक मार त्यांना.

रज्जाक : कुणाला मारू? रोज पाय ठेवण्यावरनं भांडतात, आज ‘तुमी बसा’, ‘न्हाई, तुमीच बसा’ चाललंय. लग्नाची पंगत झाली नुसती.

भागवत : अरे, साहेबांची मोटार आली! मुक्ताबाई, हात जोडतो, निदान तुम्ही तरी चढा.

मुक्ताबाई : नगं रावसाहेब. निम्म्यापरीस येक मानूस जास्ती झालं आन् गाडी बंद केली, तर मालकांना काय सांगू? जाते मी चालत.