मालकाचं नाव

लायसनवाल्या सॉफ्टवेअरची गोष्ट निघालीच हाय, तं माह्यं बी आयका. फक्त हसू नका.

राजुऱ्यात माह्या कॉम्प्युटर क्लासमध्ये वसंता कामाले होता ना, त्यानं एका कॉपी केलेल्या सीडीवरून अर्ध्या गावाच्या मशिनी चालू करून देल्या. सॉफ्टवेअर टाकताना ते मालकाचं नाव विचारते. तिथी हा दरवेळी सोताचंच टाके. म्हने, "कोन वाचते बे?"

मंग घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रकनं त्याले उडवलं. तेरवी झाल्यावर मी त्याच्या मायले घेऊन मृत्यूच्या दाखल्यासाठी गावातल्याच हापिसात गेलो. ब्राउझरात दाखला उघडेचना. बाबू म्हने, "सर, तुम्हीच पाहा."

व्हर्जन कोनतं हाय म्हनून मी माहितीची खिडकी उघडली. तिथी इंग्रजीत लिहून होतं, 'लायसन: वसंता गेडाम.'

बाबूनं हातातल्या अर्जावरचं नाव वाचलं, मंग स्क्रीनवरचं. तो बाजूच्या मशीनवर गेला. तिथी बी वसंता. तिसऱ्या मशीनवर बी वसंताच.

माय म्हने, "काय झालं भाऊ?"

मी सांगतलं. ती उठली, पदर सावरला.

"मंग तो इथीच बसला हाय ना. त्याच्यासमोर तो मेल्याचा दाखला कायले मांगता?"

अन् चालली गेली.

आठ दिवसांत मी क्लासच्या मशिनीसाठी नागपूरहून ओरिजनल सीडी आनली. त्या सीडीनं बी मालकाचं नाव विचारलं. माह्यं नाव टाकाले बोटच उठेना.

शेवटी वसंताचंच टाकलं.