जेवणाआधीची नावं

(नेदरलँड्समधलं हार्लेम. एक जुलै. शेजारच्या इर्मामावशींकडचं दुपारचं जेवण आटोपून सासू-सून घरी आल्या आहेत.)

राधाबाई : म्हणजे आजही सांगितलं नाहीसच?

मैत्री : आई, आज त्यांचा गुलामी संपल्याचा दिवस. त्यात 'आम्ही हे गाव सोडून दूर फेल्डहोवनला राहायला चाललो' कसं सांगू?

राधाबाई : परवा काहून नाही सांगितलं?

मैत्री : परवा त्यांचा गुडघा दुखत होता.

राधाबाई : मग विवेकला सांगायला लाव. नोकरी त्याची बदलली.

मैत्री : त्याने ई-मेलचा मसुदा केलाय.

राधाबाई : भिंतीपलीकडच्या बाईला?

मैत्री : तुमचाच मुलगा. आई, जुई तीन महिन्यांची होती तेव्हापासून त्यांच्या मांडीवर वाढली. मी लॅबमध्ये निर्धास्त काम केलं ते त्यांच्या जिवावर. आठ वर्षांनी काय म्हणू, थँक्यू, येतो?

राधाबाई : थँक्यू तरी म्हण. बरं, तू आत भात काढत होतीस तेव्हा त्या काय पुटपुटत होत्या? मला वाटलं वंदना आहे. मी हात जोडले.

मैत्री : नावं घेतात. त्यांच्या पणजीच्या आईपासूनची रीत. ती सुरीनामला उसाच्या मळ्यावर गुलाम होती. तिच्या नवऱ्याला, क्वाकूला, मालकाने दुसऱ्या मळ्याला विकलं. आईपासून लहान मुलं तोडायची नाहीत, एवढा कायदा होता. बाप त्यात धरलाच नव्हता.

राधाबाई : कायदा करणारे आकाशातून पडले असतील.

मैत्री : तो परत दिसला नाही. पोरांनी विसरू नये म्हणून ती जेवायला बसताना त्याला हाक मारायची. पुढे घरातून जो जो दुरावला, त्याचं नाव त्यात आलं.

राधाबाई : असं होय! मला त्यातलं शेवटचं तेवढं कळलं. जुई.

मैत्री : जुई? ती तर तिथेच बसली होती.

राधाबाई : बसली होती ना. आपलं नाव आल्यावर मोठ्याने 'या' म्हणाली, इथलं ते 'हो'.

मैत्री : ...म्हणजे मावशींना ठाऊक आहे.

राधाबाई : पोरीने कधीच सांगून टाकलं असणार. ती काय मसुदे करत बसते?

मैत्री : आई, त्यांच्या माणसाला विकलं होतं. आपण पगारवाढीसाठी चाललोय. तरी त्यांनी तिला त्याच्या पंगतीला बसवलं.

राधाबाई : रडू नको. कुठे निघालीस?

मैत्री : त्यांच्याकडे. सांगायचं काही उरलं नाही. नुसती बसते जवळ.

राधाबाई : थांब, मीही येते. मला त्यांची भाषा येत नाही, पण भांडी पडली असतील.