‘ड्रॉप’चा अर्थ

कोतोनूच्या बसथांब्यावर पाराकूला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक तरुणी होती आणि मांडीवर लॅपटॉपची बॅग धरलेला एक माणूस.

“घरी निघालात का, ताई?” त्याने तिला विचारलं.

“नाही. गावोगावच्या आयांना भेटायला. बाळांना कुठल्या लसी दिल्यात ते पुन्हा लिहून घ्यायचंय.”

“पुन्हा का?”

“दवाखान्याच्या संगणकातल्या नोंदी माझ्या हातून पुसल्या गेल्या. मी नवीनच प्रोग्रॅमर. इंग्रजी सूचना वाचताना ‘ड्रॉप’ शब्दावर अडले. ब्राउझरमध्ये शब्दावर माउस नेला की आपल्या फ्रेंचमध्ये अर्थ दाखवणारं एक साधन आहे ना, त्यात आलं, ‘खाली ठेवणे’. मला वाटलं, नोंदी जपून ठेवल्या जातील, म्हणून संगणकाला तीच आज्ञा दिली.”

“दुसरी प्रत नव्हती?”

“होती, फार जुनी. काल एक बाई म्हणाली, माझी चार लेकरं, कुणाला काय टोचलं ते मी कशी सांगू?”

“ताई, मी हुएसू. ते साधन मीच बनवलंय.”

ती त्याच्याकडे वळली.

“अर्थ चुकलाय, असं कोणी कळवलं नाही तुम्हाला?”

“कळवलं होतं एकाने. सवडीने बघू, म्हटलं.”

“मग आता बघा. गाडी यायच्या आत.”

बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

“काय लिहू?”

“‘कायमचं पुसून टाकणे’. त्यातलं ‘कायमचं’ गाळू नका.”