मेंढरांची पिचकारी

दौंडच्या एस.टी. स्टँडवर, माझ्या पाठीमागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं येऊन बसलं. दवाखान्यातून आले असावेत.

"डॉक्टर म्हणले, वाकायचं न्हाई. म्हंजी होडी इकायची."

"का वो?"

"आगं, इंजिनाचं तेल कोण बदलणार? पालथं पडून खालचा नट खोलावा लागतो. तरी निम्मं तेल होडीतच सांडतंय."

"नट खोलूच नका. तेल बघायची पट्टी असती ना, तिच्या भोकातनं नळी घालायची आन् पिचकारीनं वर वढून घ्यायचं."

"कसली पिचकारी?"

"मेंढरांना औषध पाजायची. मेंढरं इकल्यापास्नं नुसती खुंटीला लटकून हाय."

"कुशे, त्या पिचकारीनं कुठं तेल निघतंय व्हय?"

"निघालं की. परवा तुम्ही झोपला व्हता तवा समदं काढलं आन् नवं वतलं. एक थेंब सांडला न्हाई."

"थंड तेल वर येत न्हाई, काकवीवानी घट्ट असतं."

"म्हणून तर आधी इंजिन चालवून गरम केलं."

"काठाला बांधून?"

"बांधून कशाला? भीमेच्या पल्याडच्या काठाला जाऊन आले."

"एकटी?"

"एकटीच."



"होडी घेतल्यापास्नं बस बस म्हणतोय, तर पाण्याला भ्यायचीस. आन् पहिल्यांदा बसलीस, ती मला सोडून?"

"मग उद्या चला की. तुम्ही निवांत बसा, मी हाकते."