ट्रॅक्टरची खांदेमळणी

…क्लच दाबलाय की, पार बुडापातूर दाबलाय. ह्याच्या खाली आता भुई लागंल, रफीकभाई. सोडू? बरं, सोडला — हळूच सोडला. तुमी भोरावरनं आल्यालं मिस्त्री खाली उताणं, आन म्या बैलामागचा गडी वर गादीवर, असा मान ह्या सोनबाला उभ्या जल्मात मिळाला न्हवता बघा. काय? ढील किती ऱ्हाती ती सांगू? सांगतो की. म्हंजी पायानं दाबलं की आधी दोन बोटं मोकळं जायला पायजे, आन मंग जड लागाय पायजे — समजलं, येडा न्हाई म्या. आन समजा, ती दोन बोटं न्हाईच ठिवली तर? न्हाई, आपलं इचारतो. असं व्हय — क्लचची चकती नीट बसतच न्हाई, नुसती घसरती आन चार दिसांत जळून जाती? लई नाजूक वस्तू म्हणायची. छ्या, म्या कशाला हसू?

ते ओट्यावर फेटंवालं पाव्हणं बसल्यात, बघितलं का? नीरेकाठचं हायत, उसाचं मळं हायत म्हणं. सकाळी आलं ते सरळ गोठ्यात शिरलं. हरण्याचं दात बघितलं, चिमण्याच्या पाठीवर हात फिरवला, आन मालकाला म्हणलं, जनावर झ्याक ठिवलंय. तवाच म्या वळखलं — ह्यो ट्रॅक्टर आज चालला, की माझी बैलं त्येंच्या दावणीला. आमचं मालक आनंदराव तसा देवमाणूस, पण पुण्याच्या लिलावातनं हे धूड आणल्यापासनं त्येंचं डोस्कं फिरलंय. कुण्या गोऱ्या सायबानं वापरून टाकल्यालं, लोखंडी चाकाचं, म्हातारं धूड. आणल्या दिशी मला म्हणलं, ‘सोनबा, आजपासनं ह्योच तुझा बैल.’ आता मालकाचा शबुद. म्या बैल मानला. चूक माझी काय?

दाबतो, दाबतो — दाबला. तर बेंदूर आला. आदल्या दिशी खांदेमळणी, तुमाला ठावं हायच. वरीसभर जू वाहून जनावराचा खांदा सुजतो, त्येला कोमट पाण्यानं शेकायचं, हळद-लोणी चोळायचं, आन म्हणायचं, आज आवतान घ्या, उद्या जेवाया या. हरण्याचं झालं, चिमण्याचं झालं, आन ह्यो तिसरा उभा. ह्येचा खांदा कुठं धुंडायचा? आधीचा डायव्हर म्हणायचा, सारा भार क्लचवर असतो. म्हंजी खांदा त्योच की. झाकण काढलं, आत हात घातला आन चांगलं वाटीभर लोणी चोळलं. घरचं लोणी — आमची रतनबाई बोंबललीसुदिक, की मला भाकरीवर बोट लावू देत न्हाई आन लोखंडाला चारतोय. आवतान बी दिलं. बैलाच्या कानात देत्यात, ह्येला कान न्हाई, मंग धुराड्यात तोंड घालून दिलं.

बेंदूर झाला, मालक वर चढलं. इंजान नुसतं बोंबलतंय, चाकं जागची हालंनात. मालक लाल झालं, पिवळं झालं, पण धूड ढिम्म. शेवटी म्याच हरण्या-चिमण्याला जुपलं आन ह्येला वढत घरी आणलं. गावातनं आणलं, मुद्दाम लांबच्या वाटंनं. बैलं अशी चालली म्हणता, जणू नवरी घिऊन निघाल्यात. मालकानं तवापुरती बैलं इकायची बात सोडली.

आं? जुन्या चकतीवर लोण्याचं थरावर थर व्हतं? एका मळणीचं एवढं नसतं म्हणता? न्हाई, त्ये काय झालं — आधीचं जळून जायचं, धूड परत चालाय लागायचं, मंग पोळ्याला वाईच लावलं. दसऱ्याला बी लावलं, हत्याराची पूजा असती ना. आन अधनंमधनं, मालक बैलांच्या गिऱ्हाइकाचं नाव काढाय लागलं की. त्येला खोड म्हणू नगा, रफीकभाई, सेवा म्हणा.

ढील? हाय की, दोन बोटं भरून हाय. आवळा नट आन या भायेर, हात धुवा. वर कशाला येताय? इस्वास न्हाई का माझा? बरं, घाला हात — बोटं काय सगळ्यांची सारखी असत्यात व्हय.

बसा वाईच. आता खरं सांगतो. ती ढील नसूच द्या. हरण्याची आय व्याताना मेली. कळकाच्या नळीनं दूध पाजून रतनबाईनं त्येला वाढवला, थंडीत चुलीपाशी निजवला. आमाला मूलबाळ न्हाई. त्यो गेला तर सांजच्याला गोठ्यात जाऊन तिनं कुणाला हाक मारायची? माझा जीव तुटतो हो. घसरू द्या चकती, चार दीस तर मिळतील.

काय? परत बोला. पाव्हणं बैलाला आलं न्हाईत? ट्रॅक्टर घ्याया आलं? आन दात कशाला बघितलं मंग? बैलवाला माणूस, हात ऱ्हात न्हाई — व्हय, त्ये बी खरं. मालक सोता म्हणलं तुमाला, की चालला तर धूड पाव्हण्याच्या गळ्यात घालतो, न्हाई चालला तर बैलं इकून नवा आणतो? आवो, मंग मघापासनं गप का बसला? म्या बोलाया दिलं न्हाई? हां. तसं झालं असंल.

मंग हितं काय बसलाय, शिरा की खाली. सैल करा, आणखी सैल — एक बोट, दीड — हां, दोन. तुमच्या बोटानं दोन. आता बेस झालं. आता ह्यो पळंल बघा घोड्यावानी —

थांबा, रफीकभाई. झाकण काढा परत. इचारू नगा, काढा. आवो, सकाळी तुमी च्या प्यायला गेला व्हता, तवा नव्या चकतीला बी म्या — वाटीभर. पेट्रोलचं फडकं घ्या, कोपऱ्याकोपऱ्यातनं पुसा, ऱ्हायलं न्हाई पायजे. आरं देवा, पाव्हणं उठलं बघा, मालक बी निघालं हिकडंच. त्येंना कुणीतरी बोलण्यात गुतवाय पायजे. तुमच्यानं काय व्हायाचं न्हाई, तुमाला बोलता येतंय कुठं. सरा, मला उतरू द्या — तुमी पुसा.