सुगतच्या पानावरची हजेरी

...आणि वरून मला म्हणतात, काकाजी, चप्पल बाहेर काढा! आता तुम्हीच सांगा भिया, विहारात जाताना काढतो ते ठीक, पण कॉम्प्युटरपुढे? का, तर म्हणे एसी आहे, मशीनमध्ये धूळ जाते. अरे, अख्खी जवानी मिलमध्ये कापसाची धूळ खाल्ली, मशीनला काही झालं नाही, मिलच गेली! पण आमच्या सुदामा नगरात संहिताताईंनी स्कूटरच्या गॅरेजात हा सायबर कॅफे टाकलाय, बाई मनाची चांगली, कायदे फार... काढली चप्पल. काय करणार? हजेरी तर लागलीच पाहिजे ना!

कसली हजेरी? सांगतो. माझा मुलगा सुगत. आजोबा महूला फौजेत, बाप मिलमध्ये, आणि हे चिरंजीव स्वित्झर्लंडमध्ये! हॉटेलचा कोर्स केला, तर थंडीच्या सीझनपुरतं नेलं त्यांनी. काम काय, तर बर्फाचा पहाड, त्यावर तारेला लटकलेल्या खुर्च्या येतात, लोकांना त्यात बसवायचं नि वर धाडायचं. ते लोक वर जातात, पायाला फळ्या बांधतात नि घसरत खाली येतात. आले की परत बसवायचं! दिवसभर! अरे, खालीच यायचं होतं तर वर कशाला गेला होतात बाबा? खालीच बसा, पोहे खा, जलेबी खा...

पण फोनवर हे काही सांगेल तर शपथ! "पप्पा, मी ठीक आहे. थंडी आहे. तुम्ही जेवलात? ठेवतो." खतम! आणि इंटरनेटवर? तिथे साहेबांनी स्वतःचं पान काढलंय, वेबसाइट, त्यावर रोज हे एवढं लिहितो, तेही इंग्लिशमध्ये, सगळ्या दुनियेसाठी! आज हाताला भेगा पडल्या. आज खोलीतल्या पोलंडच्या पोराला वरणभात खाऊ घातला. आज आईची खूप आठवण आली... हे मला कोण सांगतं, तर संहिताताई, मराठी करून! त्याची आई, माझी गिरिजा, गेल्यापासून आम्ही बाप-लेक एका घरात राहिलो, पण तिचं नाव ना त्यानं काढलं ना मी. आणि दुनियेला सांगतो! ऐकून बरं वाटलं हो, आणि फार वाईटही वाटलं. डोळे पुसले नि ताईंना म्हटलं, तुमचा एसी डोळ्यांना लागतो.

तर त्या पानाच्या तळाला एक आकडा. म्हटलं, ये क्या है? ताई म्हणाल्या, "हा काउंटर, काकाजी. कोणी पान उघडलं की वाढतो. सुगतला कळतं, कोणीतरी येऊन गेलं." बस! माझ्या डोक्यात बत्ती पेटली! मिलला टाळं लागलं तेव्हा आमच्या युनियनचे नाना ओरडून सांगत होते, "गेटवर रोज हजेरी लावा रे! केस कोर्टात आहे, हजेरी तुटली की हक्क तुटला!" लावली ना आम्ही! भोंगा नाही, धूर नाही, चौकीदारसुद्धा पळाला, आणि आम्ही डबे घेऊन बंद गेटसमोर हजर! तिथे काही हाती लागलं नाही, म्हटलं पोराच्या दारात तरी लावू. मग काय, सकाळी जातो, जेवून परत जातो. पान उघड, बंद कर, परत उघड... खटाक्, आकडा पुढे! मी आपला खूश, की चला, सुगतला कळलं, पप्पा येऊन गेले. मिलच्या हजेरीवर नाव असायचं हो! या आकड्याला नावच नसतं, हे मला कोण सांगणार?

ताई म्हणायच्या, "काकाजी, मेल टाइप करून देते ना. लिहू, परत ये म्हणून?" म्हटलं, नको! कोणत्या तोंडानं लिहू? मीच तर म्हटलं होतं, जा बेटा, यहाँ क्या रखा है! मार्चमध्ये सीझन संपतो, परतीचं तिकीट खिशात आहे, येईल आपल्या पायांनी. तोवर आपण काय करायचं? हजेरी लावायची!

परवा गेलो तर ताईंनी आधी मनातल्या मनातच सगळं वाचून काढलं. म्हटलं, वाचा हो. म्हणाल्या, "सुगत लिहितो... दोस्तांनो, इथे इतकं एकटं वाटायचं की मार्चमध्ये घरी जायचं ठरवलं होतं. पण रोज बघतो, आकडा वाढतच चाललाय. तुम्ही कोण आहात, माहीत नाही. पण देशोदेशीचे इतके अनोळखी लोक मला वाचतात, आता एकटं वाटत नाही. उन्हाळ्याचं कामही घेतलं. तिकीट रद्द केलं."

देशोदेशीचे लोक! अरे, कुठले लोक? सुदामा नगरातला एकच म्हातारा आहे तो, बेटा!

ताई म्हणाल्या, "आता तरी कळवू या, काकाजी, की ते सगळे तुम्हीच." कळवलं तर पोराला समजेल, दुनिया-बिनिया कोणी नव्हतीच. त्या बर्फात, परक्या खोलीत, एकदम एकटा पडेल तो. जाणं बंद केलं तरी तेच. आणि जात राहिलो तर... येत नाही तो घरी.

म्हटलं, राहू द्या ताई. उघडा पान परत. आणि आज जरा जास्त वेळा उघडू या, त्या पोलंडच्या पोराच्या घरचेही वाचायला लागलेत असं वाटू दे त्याला.

चला भिया, निघतो. एकट्या माणसाला अख्खी दुनिया व्हायचं म्हणजे वेळ लागतो हो.